वार्धक्यातील वाफा आणि ममत्वाचा प्रश्न

आपल्या धर्मशास्त्राने आयुष्याचे चार आश्रम कल्पिले, आणि ज्याचे केस पिकले, ज्याने नातवाचे मुख पाहिले, अशा गृहस्थाला घरदार मुलाच्या स्वाधीन करून वनाची वाट धरण्याची आज्ञा मनूने केली. आजचे वैद्यकशास्त्र त्याच वयाच्या माणसाला सांगते की, हातात खुरपे घ्या, चार रोपे लावा, त्यांची रोज निगा राखा, म्हणजे शरीराला हालचाल आणि मनाला विसावा मिळेल. पहिली आज्ञा सोडण्याची आहे, दुसरी धरण्याची आहे. ज्या वयात संसाराचे पाश एकेक करून सैल व्हायचे, त्याच वयात मोगऱ्याचा आणि शेवग्याचा नवा पाश माणसाने आपण होऊन गळ्यात घालून घ्यावा काय? ज्याला मृत्यूपूर्वी आपले मन मोकळे झालेले पाहायचे आहे, त्याला या प्रश्नाचा निकाल लावल्यावाचून पुढे जाता येत नाही.

तुळजापूर तालुक्यातील अणदूर या सोलापूर–हैदराबाद महामार्गावरच्या गावी हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो. हा मुलूख अवर्षणाचा. जवळच्या नळदुर्गाला बोरी नदी अडवून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, १६१३ साली, बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल उभा राहिला, तेव्हापासून आजपर्यंत पाण्याचे मोल येथे कोणाला शिकवावे लागलेले नाही. अशा भूमीत ज्याने सारा जन्म ज्वारी-तुरीच्या रानात घालवला, त्याच्या आयुष्यात एक दिवस असा येतो की, वाटणी होते, फेरफाराच्या एका नोंदीने सातबाऱ्यावरचे नाव बदलते, मुले पुण्याला किंवा सोलापूरला नोकरीधंद्यासाठी जातात, रान कोणाला तरी बटईने दिले जाते, आणि पन्नास वर्षे पहाटे उठून बैलांच्या दावणीकडे जाणारे पाय ओसरीवर येऊन थांबतात. त्याला अन्न मिळते, औषध मिळते, नातवंडांचा फोनही येतो. परंतु पहाटे आपण उठलो नाही तर कोणाचे काही अडेल, ही जाणीव मात्र त्याला पुन्हा लाभत नाही. वार्धक्याचे खरे दुःख मला गुडघ्यांच्या वेदनेपेक्षा या जाणिवेच्या लोपात अधिक दिसते.

याच गावी डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांच्या पुढाकाराने हॅलो मेडिकल फाउंडेशनचे कार्य उभे राहिले, आणि गावोगावच्या अल्पशिक्षित स्त्रियांना शिकवून त्यांना ‘भारतवैद्य’ म्हणून आपल्याच शेजाऱ्यांच्या आरोग्याची जबाबदारी सोपविण्यात आली. जिला कालपर्यंत केवळ रुग्ण म्हणून रांगेत बसणे ठाऊक होते, तीच आज दुसऱ्याच्या तापाची विचारपूस करू लागली; आणि ज्याच्यावर उपचार करावयाचे त्यालाच उपचाराचा कर्ता केले असता काय घडते, हे या गावाने डोळ्यांनी पाहिले. वृद्धांच्या बाबतीत हेच तत्त्व लागू करायचे, तर घरामागच्या परसाएवढे सुलभ साधन दुसरे नाही.

अमेरिकेतील कनेक्टिकट संस्थानात एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी एका वृद्धनिवासात केलेला आणि १९७६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने मननीय आहे. तेथील एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितले गेले की, आपल्या दिनक्रमाचे निर्णय आपण घ्यावेत. आणि प्रत्येकाला एक रोप, त्याची जोपासना त्यानेच करावी म्हणून, देण्यात आले. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपे मिळाली, परंतु तुमची आणि या रोपांची काळजी परिचारिका वाहतील, असे आश्वासन त्यांना दिले गेले. काही आठवड्यांनी पाहिले तेव्हा पहिल्या मजल्यावरचे वृद्ध अधिक सावध, अधिक उद्योगी आणि अधिक प्रसन्न आढळले. हिरवे रोप दोन्ही मजल्यांवर होते. फरक जोपासण्याच्या अधिकाराचा होता. जी मुले प्रेमापोटी आईच्या हातातली झारी काढून घेतात आणि ‘तू आता नुसती बस’ म्हणतात, त्यांनी हे ध्यानी घ्यावे. त्या एका वाक्याने ती आईला दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवतात.

बागेचे शारीरिक गुण उघड आहेत. आळे करताना, तण काढताना बोटांच्या सांध्यांना आणि मनगटांना बेताचा व्यायाम घडतो. कोवळे ऊन अंगावर पडते. दिवसभराच्या हालचालीने रात्रीची झोप सुधारते. येथील चैत्र-वैशाखाचे ऊन मात्र वृद्धाला सोसणारे नाही, म्हणून काम सकाळी आणि दिवस कलल्यावर करावे; ज्याला उकिडवे बसवत नाही त्याच्यासाठी ओट्यावर वाफा बांधावा; चालण्याची वाट कोरडी राखावी; आणि पाणी दुर्मिळ असेल तेव्हा भाजीपाला-तांदूळ धुतलेले पाणी आळ्यात सोडावे. अळू, गवती चहा, कढीपत्ता, दोडक्याचा वेल आणि झेंडूची चार रोपे एवढ्याने परस भरतो. तथापि याहून मोठा लाभ काळाच्या अनुभवात आहे. वृद्धाचा काळ बहुधा मागे वाहतो. ज्याने आज बी पेरले त्याला उद्याकडे पाहावेच लागते, आणि अंकुर येईल की नाही ही लहानशी उत्कंठा त्याच्या पहाटेला पुन्हा कारण देते.

येथे शास्त्राचा आक्षेप पूर्ण बळाने उभा राहतो. भागवताच्या पाचव्या स्कंधात भरत राजाची कथा आहे. राज्य, पुत्र, वैभव यांचा त्याग करून तो वनात गेला. आणि तेथे एका अनाथ हरिणशावकाच्या मायेत असा गुरफटला की, अंतकाळी त्याचेच चिंतन राहून त्याला हरिणाचा जन्म घ्यावा लागला. ज्याने साम्राज्य सोडले तो पाडसाला सोडू शकला नाही. मग पोराबाळांतून मन काढून जास्वंदीत घालणाऱ्या आजोबांची गती निराळी कशी व्हावी? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. रोपाचे पान सुकले म्हणून दिवसभर अन्न गोड न लागणारी, शेजारच्या मुलाने फूल तोडले म्हणून त्याला शिव्याशाप देणारी माणसेही याच जगात आहेत, आणि त्यांच्या बागेने त्यांना मुक्त केले असे म्हणता येणार नाही.

परंतु भरताचा दोष करुणेत नव्हता. माझ्यावाचून याचे कोण, या भावनेत तो होता. सेवा आणि स्वामित्व यांची तेथे गल्लत झाली. ही गल्लत टाळण्याचा संस्कार आपल्या लोकांनी ग्रंथांइतकाच आचारांतही जपून ठेवला आहे. तुळजाभवानीच्या या मुलखात घरोघरी नवरात्रात घट बसतात. पत्रावळीवर शेतातली काळी माती पसरून तीत धान्य पेरतात, मध्ये पाण्याचा घट ठेवतात, आणि घरातली वडीलधारी स्त्री नऊ दिवस त्या मातीला ओल देत, दिवा सांभाळीत राहते. पिवळसर कोवळे अंकुर वीतभर वाढतात, आणि दसऱ्याला तेच अंकुर उपटून देवाला वाहतात, टोपी-पागोट्यात खोवतात. इतक्या निष्ठेने वाढविलेले आपल्या हाताने खुडताना कोणी शोक करीत नाही. पेरणे, जोपासणे आणि अर्पण करणे या तीन क्रिया तेथे एकाच व्रताची अंगे होतात.

अणदूरच्या खंडोबाचा आचार तर याहून बोलका आहे. मूर्ती एक आणि मंदिरे दोन. देव वर्षातला मोठा काळ अणदुरात आणि सुमारे दोन महिने नळदुर्गाला राहतो, आणि देव नेण्या-आणण्याचा रीतसर लेखी करार दोन्ही गावच्या मानकऱ्यांत होतो. ज्याची नित्य पूजा केली त्याला मुदत भरताच दुसऱ्या गावाच्या हवाली करताना अणदूरची भक्ती उणी होत नाही. देवाविषयी जे साधते ते दोडक्याच्या वेलाविषयी का साधू नये?

या प्रश्नाचे सर्वांत उज्ज्वल उत्तर सोलापूर जिल्ह्यातील अरणच्या सावता माळ्यांनी आपल्या जीवनाने दिले. तेराव्या शतकातल्या या संताने मळा सोडून मुक्ती शोधली नाही. पंढरी फार दूर नसतानाही त्याने आपल्या भाजीपाल्याच्या वाफ्यांतच विठ्ठल पाहिला, आणि १२९५ साली तेथेच देह ठेवला. वनात जाऊनही भरताला जे साधले नाही ते सावतोबांना मळ्यात साधले, कारण मळा माझा आहे असे न मानता त्यांनी तो विठ्ठलाचा मानला. रोमन पंडित सिसरो याने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये वार्धक्यावर जो संवाद लिहिला, त्यातला म्हातारा केटोही शेतीचे सुख वर्णिताना सांगतो की, ज्यांची फळे आपल्या हयातीत येणार नाहीत अशी झाडे वृद्ध शेतकरी पुढच्या पिढीसाठी लावीत असतो. देशकालाचे एवढे अंतर असूनही निष्कर्ष एक आहे: ज्याला फळ मिळणार नाही हे ठाऊक आहे आणि तरी जो आळ्यात पाणी घालतो, त्याचे कर्म बंधनकारक उरत नाही.

म्हणून शास्त्राची आज्ञा आणि वैद्याचा सल्ला यांत मला विरोध दिसत नाही. मात्र दोहोंच्या मध्ये एक अट आहे, आणि ती वृद्धाने स्वतः पाळावयाची आहे. त्याने रोप लावावे ते देण्यासाठी: भाजी शेजारणीला, फुले देवाला, बी नातवाला. अवर्षणात वाफा वाळला तर तो निसर्गाचा हुकूम मानावा आणि पुढच्या मृगाची वाट पाहावी. ज्याचे अंथरूण सुटत नाही त्याच्या उशाशी एक कुंडी असावी, आणि तिला किती पाणी घालायचे हे त्याला विचारूनच घालावे. अट कुटुंबावरही आहे: म्हाताऱ्या माणसाला सांभाळण्याच्या भरात त्याचा सांभाळण्याचा हक्क काढून घेऊ नये. वन आता सर्वांच्या वाट्याला येणार नाही, पण परसातला चार हातांचा तुकडा पुष्कळांच्या वाट्याला येऊ शकतो. आणि तेथे रोज थोडे जोपासणारा व रोज थोडे देऊन टाकणारा माणूस घर न सोडताही वानप्रस्थाचा धर्म पाळीत असतो, अशी माझी श्रद्धा आहे.