भट्टीतला रंग

मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी जुना सरकारी शस्त्र कारखाना आहे. १७९५ पासून १९६८ पर्यंत तिथे बंदुका बनल्या. आता त्याचे संग्रहालय झाले आहे. आमच्यासारख्या, उभा जन्म ‘उत्पादन वाढवा’ हे ऐकण्यात घालवलेल्या माणसाला ते देवळासारखेच वाटते. पण तिथल्या एका जुन्या हकिगतीने माझी झोप उडवली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि रायफली हव्यात म्हणून एकच घाई झाली. आता रायफल काही नुसती माणसे वाढवून होत नाही. नळीला लांब, सरळ भोक पाडायचे, आत पीळदार खाचा काढायच्या, आणि ‘रिसीव्हर’वर एकामागून एक यंत्रकाम करायचे. पावलोपावली गेज लावून तपासायचे. शेवटी पोलादाला पाणी द्यायचे. हे शेवटचे काम नजरेचे. भट्टीतल्या तुकड्याची लाली पाहून जाणता कामगार ‘झाले’ म्हणायचा.

त्याच वर्षी काही रायफली डागताना फुटल्या. उष्णतामापक लावून पाहिले, तेव्हा कळले की ढगाळ दिवशी जी लाली बरोबर दिसे, तीच लख्ख उन्हात दिसायला पोलाद फार जास्त तापवावे लागे. फरक तीनशे अंश फॅरेनहाइटपर्यंत! जास्त तापलेले पोलाद ठिसूळ होते. कामगार आळशी नव्हता, अप्रामाणिक नव्हता. उलट त्याची नजर नावाजलेली. मग दोष कुणाचा, उन्हाचा?

१९१८ मध्ये पद्धत सुधारली. पण जुन्या पद्धतीच्या आठ लाखांच्या आसपास रायफली एकट्या स्प्रिंगफील्डच्याच होत्या. त्यांतल्या बहुतेक कधीच फुटणार नव्हत्या. कोणती फुटेल ते सांगता येत नव्हते. १९२७ मध्ये समितीने त्या काढून टाकाव्यात असे सुचवले. वरिष्ठांनी ठरवले, एकदम टाकायच्या नाहीत. दुरुस्तीला येतील तशा बाजूला काढायच्या. उद्या युद्ध झाले आणि हाती रायफलच नसली तर?

हा प्रश्न पोकळ नव्हता. पुढची गॅरंड रायफल १९३७ मध्ये दिवसाला जेमतेम १० बनत होती. जानेवारी १९४४ मध्ये स्प्रिंगफील्डने महिन्यात लाखाहून अधिक काढल्या खऱ्या, पण ऑगस्ट १९४२ मध्ये ग्वाडलकनालला उतरलेल्या मरीन सैनिकांच्या हाती १९०३ चीच जुनी रायफल होती. कमी पडलेले उत्पादनही माणसे मारते, हे मला मान्य करावे लागते. जी कुणावर तरी रोखलेली असते अशा वस्तूच्या ‘दर्जा’बद्दल बोलावे का, असे माझी मुलगी विचारते. तिला माझ्याकडे पुरे उत्तर नाही.

तरीही त्या वरिष्ठांचा हिशेब मला खुपतो. लाखांत एखादी फुटेल, हे गणित बरोबर असेलही. पण फुटणारी रायफल ते मांडणाऱ्याच्या गालाला लागलेली नव्हती. गीतेतले ‘फळाची आशा धरू नये’ आपण अशा वेळी फार सोयीने आठवतो. आशा सोडणे वेगळे, आणि फळ कुणाच्या तोंडावर फुटेल याची चौकशीच न करणे वेगळे.

हे मी कोणत्या तोंडाने लिहितो? तरुणपणी पुण्याकडच्या एका कारखान्यात तपासणीला होतो. मार्चअखेर. माल ट्रकवर चढत होता, साहेब घड्याळ बघत होते. शेवटच्या चाळीस नगांना मी गेज लावलेच नाही. कागदावर सह्या तेवढ्या केल्या. मला कुणी दटावले नव्हते, नुसते ‘होईल ना?’ विचारले होते. ते नग कुठे बसले, टिकले की नाही, मला कधीच कळले नाही. त्या वर्षी खंडेनवमीला त्याच गेजला मी हळदकुंकू वाहिले, फूल ठेवले, आणि सगळ्यांबरोबर पेढा खाल्ला.