नावेचे नाव

पावसाळा सरून मच्छीमारी पुन्हा सुरू झाली की आमच्या किनाऱ्यावरील कोळी बांधव होड्यांना आशीर्वाद देण्यासाठी धर्मगुरूला बोलावतात. होडीच्या नाळेवर रंगाने अक्षरे काढलेली असतात : वेलंकणी माता, संत अंतोनी, संत पेत्र. हाक मारतात ते नाव आणि दर्यात लोटतात तीही नावच. पवित्र पाणी शिंपडताना या शब्दसाम्याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे. परंतु एका नावेच्या नावाने मला अनेक वर्षे अस्वस्थ केले आहे. ती नाव कोळ्याची नव्हती.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ग्रॉटन येथे 4 सप्टेंबर 1979 रोजी एका पाणबुडीच्या बांधणीला प्रारंभ झाला. अणुभट्टीच्या शक्तीवर चालणारी, शत्रूच्या जहाजांचा व पाणबुड्यांचा माग काढून त्यांच्यावर हल्ला चढवणारी ही युद्धनौका होती. लांबी सुमारे 110 मीटर. पोटात शंभराहून अधिक खलाशी. या वर्गातील पाणबुड्यांना अमेरिकेतील शहरांची नावे देण्याचा प्रघात होता. त्यानुसार टेक्सासच्या किनाऱ्यावरील एका शहराचे नाव हिला मिळाले आणि 25 एप्रिल 1981 रोजी त्याच नावाने ती पाण्यात उतरली. त्या शहराचे नाव होते ‘कॉर्पस क्रिस्ती’. लॅटिन भाषेत याचा अर्थ ‘ख्रिस्ताचे शरीर’.

शहराला हे नाव तेथील उपसागरावरून मिळाले. 1519 साली एक स्पॅनिश दर्यावर्दी ख्रिस्तशरीराच्या सणादिवशी तेथे पोहोचला, अशी परंपरागत समजूत आहे. पोप चौथे अर्बन यांनी 1264 साली अखिल ख्रिस्तसभेसाठी सुरू केलेल्या या सणाचे नाव अशा प्रकारे उपसागरावरून शहराकडे आणि शहरावरून एका युद्धनौकेकडे आले. प्रत्येक पायरी स्वाभाविक होती. शेवटच्या पायरीवर मात्र अनेकांचे मन थबकले.

अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी आणि शांतताप्रेमी लोकांनी या नावाला विरोध केला. वॉशिंग्टनमध्ये बेघरांसाठी झटणारे मिच स्नायडर यांनी दोन महिन्यांहून अधिक काळ उपोषण केले. नौदलाचे तत्कालीन मंत्री जॉन लेहमन हे स्वतः कॅथलिक. हे नाव शहराचे आहे आणि लष्करी सेवा ही काही अपवित्र गोष्ट नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. अखेर मे 1982 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या निर्णयाने तोडगा निघाला. मूळ नावाआधी ‘सिटी ऑफ’ हे दोन शब्द जोडण्यात आले. 8 जानेवारी 1983 रोजी ‘सिटी ऑफ कॉर्पस क्रिस्ती’ नौदलात दाखल झाली.

येथे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, विरोध करणाऱ्यांचे म्हणणे योग्य होते काय? माझे उत्तर होकारार्थी आहे. परमेश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नये, ही आज्ञा केवळ शपथा आणि शिव्यांपुरती नाही. आपल्या बळावर देवाच्या नावाचा शिक्का मारणे हाही तिचा भंगच होय. मात्र हा दोष एकट्या अमेरिकेच्या पदरी टाकता येणार नाही. ट्रॅफल्गारच्या 1805 मधील लढाईत उतरलेल्या प्रचंड स्पॅनिश युद्धनौकेचे नाव ‘परमपवित्र त्रैक्य’ असे होते. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीने 1564 साली जॉन हॉकिन्सला दिलेल्या जहाजाचे नाव ‘जीझस ऑफ ल्यूबेक’. त्या जहाजातून आफ्रिकेतील माणसे गुलाम म्हणून विकण्यासाठी नेण्यात आली. येशूचे नाव वर आणि साखळदंड खाली! आणि आपण वसईकरांनी तरी कोणत्या तोंडाने बोलावे? पोर्तुगीजांनी वसईच्या किल्ल्याच्या बुरुजांना ‘माद्रे द देऊस’, म्हणजे देवमाता, आणि रेमेदी मातेचे नाव दिले होते. तोफा त्याच बुरुजांवर होत्या.

मग कोळ्याच्या होडीवरील वेलंकणी माता आणि बुरुजावरील देवमाता यांत भेद कोणता? कोळी आपण दुबळे आहोत हे जाणून नाव देतो. तो स्वतःला देवाच्या स्वाधीन करतो. तोफेमागचा माणूस देवाला आपल्या स्वाधीन करू पाहतो. अक्षरे तीच असतात, प्रार्थना मात्र उलटी होते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. नाव बदलल्याने काय बदलले? पाणबुडी तीच राहिली; तिचे टॉर्पेडो तेच, तिची भट्टी तीच. त्या काळी या वर्गातील पाणबुड्या अण्वस्त्रवाहू टॉमाहॉक क्षेपणास्त्रे वाहून नेण्यास समर्थ होत्या. अशी अस्त्रे जहाजांवरून काढून घेण्याची घोषणा 1991 साली झाली. आपले धार्मिक मन दुखावणारा शब्द दूर झाला, की वस्तू आपल्याला खुपेनाशी होते, हा खरा धोका आहे. पण तो नवा शब्द नीट वाचावा. ‘सिटी’ म्हणजे शहर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली संपूर्ण शहरांचा रहिवाशांसह सरसकट संहार करणे हा देवाविरुद्ध व मानवाविरुद्ध अपराध ठरवला. ख्रिस्ताचे नाव झाकण्यासाठी जो शब्द पुढे आणला, तोच सदसद्विवेकाला अधिक टोचणारा आहे!

तरीही तो विरोध वाया गेला असे मी म्हणणार नाही. त्याच वर्षी, मे 1983 मध्ये, अमेरिकेतील बिशपांनी शांततेविषयीचे आपले प्रसिद्ध पाळकीय पत्र काढले. शत्रूला धाक बसावा म्हणून अण्वस्त्रे बाळगण्याला त्यांनी केवळ कडक अटींवर, निःशस्त्रीकरणाच्या वाटेवरील एक टप्पा म्हणून मान्यता दिली. नावावरून मन थबकले नसते, तर ते वस्तूपर्यंत पोहोचले असते का? नाव हे दार आहे. दारातूनच माघारी फिरणे ही आपली चूक.

ती पाणबुडी 2002 पासून काही वर्षे प्रशांत महासागरातील गुआम बेटावर तैनात होती. 2017 साली तिला सेवेतून निवृत्त करण्यात आले. अशा पाणबुड्यांच्या अणुभट्टीचा भाग कापून हॅनफर्ड येथील खंदकात ठेवतात. नाव पुसले जाते. पण ती भट्टी पुढील अनेक पिढ्यांना सांभाळावी लागते.

आता स्वतःविषयी. ख्रिस्तप्रसाद देताना मी प्रत्येकासमोर म्हणतो, ‘ख्रिस्ताचे शरीर’, आणि समोरचा ‘आमेन’ म्हणतो. एका धर्मग्रामात दोन सख्खे भाऊ दर रविवारी एकाच रांगेत हे आमेन म्हणत. वाडीच्या हातभर जमिनीसाठी त्यांचा दावा अकरा वर्षे न्यायालयात चालला होता आणि घरे लागून असूनही बोलणे बंद होते. मी त्यांना कधी काही बोललो नाही. थोरला वारला तेव्हा धाकटा दफनाला आला, पण कबरीपासून दूर उभा राहिला. त्या दिवशी मला माझे मौन फार बोचले. पाणबुडीच्या नावावर मी प्रवचन दिले होते; या नावाविषयी मात्र गप्प राहिलो.

संत पौलाच्या शिकवणीप्रमाणे आपण सारे मिळून ख्रिस्ताचे शरीर आहोत. म्हणजे तेच नाव आपल्यावरही लिहिलेले आहे. एका युद्धनौकेला ते पेलणार नाही, हे ओळखून निदान ते बदलण्यात आले. आपल्या आधी दोन शब्द जोडून सुटका करून घेण्याची सोय नाही. आपल्याला बदलायचे असेल, तर नावेलाच बदलावे लागेल.