उष्णतेचा ठिपका

क्षेपणास्त्र सुटताना जी प्रखर उष्णता बाहेर पडते, ती अवरक्त किरणांवरून, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पण तापलेल्या वस्तूचा ठाव सांगणाऱ्या किरणांवरून, ओळखण्याचे काम अमेरिकेचे लष्करी उपग्रह १९७० पासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून करीत आले आहेत. याच तत्त्वावरची मुलकी पहाऱ्याची व्यवस्था गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा या नागझिरा अभयारण्याच्या प्रवेशद्वाराशी असलेल्या गावाच्या रानावरही नजर ठेवते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांनी टिपलेल्या वणव्यांच्या सूचना वनखात्याला पाठविते.

दोन्हींत फरक आहे तो वेळेचा. लष्करी उपग्रह पृथ्वीच्या गतीनेच फिरत असल्यामुळे एकाच भूभागावर अखंड रोखलेले राहतात, तर वणवा टिपणारे उपग्रह कमी उंचीवरून दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातात आणि त्यांतील अधिक सूक्ष्म यंत्रालाही सुमारे ३७५ मीटरचा चौकोन हा एकच ठिपका दिसतो. त्या ठिपक्यात वणवा आहे, की मार्च-एप्रिलमध्ये गळणारी मोहफुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा कोणी पेटविला आहे, हे यंत्र सांगत नाही. आणि अशी मुद्दाम लावलेली आगही वारा सुटला की वणवा होते, ही गोष्ट वेगळी.

अर्थ लावण्याची ही अडचण लष्करालाही चुकलेली नाही. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत उपग्रहांनी ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशालाच अमेरिकी क्षेपणास्त्रे मानले, तेव्हा पाचच क्षेपणास्त्रांनी कोणी युद्ध सुरू करीत नाही, असा विचार करून स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याने इशारा खोटा ठरविला. आंतरखंडीय क्षेपणास्त्र सुमारे अर्ध्या तासात लक्ष्य गाठते, त्यामुळे जागेवर जाऊन खात्री करण्याची सोय त्याला नव्हती. वनरक्षकाला ती आहे, मात्र ती पायी चालून आणि जीव धोक्यात घालून.

एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यातील वणवा विझविताना तीन वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला. आग कुठे आहे हे त्यांना ठाऊकच होते. उणीव इशाऱ्याची नव्हती. म्हणून आकाशातील डोळ्यांवर खर्च वाढविण्याआधी, आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला काढून राखलेल्या जाळरेषा हंगामापूर्वी साफ करणे, पालापाचोळा हटविणारी हवायंत्रे पुरविणे आणि हंगामी मजुरांना विमा देणे यांवर तो व्हायला हवा.