मत्स्यमोचन

आयुष्याची चौतीस वर्षे जिल्हा न्यायालयाच्या दफ्तरांत घालवून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या एका सरोवराच्या काठी, बारा वर्षांच्या नातवाच्या हाताखाली मासेमारीची उमेदवारी करावी, हा योग माझ्या पत्रिकेत कोणत्या ग्रहाने लिहिला होता हे मला ठाऊक नाही. मी जन्माने मालवणचा. मासा ताटात कसा ओळखावा याचे ज्ञान आम्हांस उपजतच असते. पण तो पाण्यातून ताटापर्यंत येतो कसा, हा प्रश्न मी जन्मभर कोळणीच्या पाटीवर सोपवून निश्चिंत राहिलो होतो. चिरंजीव हंट्सव्हिल येथे अभियंता आहेत. तेथून तासाभराच्या अंतरावर, टेनेसी नदीवर १९३९ साली पूर्ण झालेल्या धरणाने अडविलेले गंटर्सव्हिल नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे, आणि त्यात बास जातीचा मासा विपुल आहे. बास हा उच्चार ऐकताच मला हसू आले, कारण आपल्याकडे भात पुरे झाला की पानावर आडवा हात धरून जो शब्द उच्चारावयाचा, तोच हा.

परक्या प्रांतातून आलेल्या पाहुण्यास तेथे सात दिवसांचा परवाना मिळतो. सोळा वर्षांखालील मुलास मात्र परवान्याची गरज नाही. म्हणजे गुरू बिनसनदी आणि शिष्य सनदशीर, अशा स्थितीत आमचा सप्ताह सुरू झाला. पहिले दोन दिवस केवळ दोरी फेकण्यात गेले. रिळावरची तारेची कडी उघडावयाची, दोरी तर्जनीवर धरावयाची, काठी मागे नेऊन पुढे झोकावयाची आणि नेमक्या क्षणी बोट सोडावयाचे; बोट आधी सुटले तर आमिष आकाशात, उशिरा सुटले तर पायापुढच्या पाण्यात फटकन आपटते. आमिष म्हणजे प्लास्टिकचा एक जांभळा, मऊ किडा. गळाचे टोक त्या किड्याच्या अंगातच लपविलेले असते, म्हणजे पाणगवतात ते अडकत नाही. पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे छिद्र पाडलेले वजन असते. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. सामिष-निरामिष हे भोजनाचे भेद त्यावरूनच झाले. येथे मात्र मांसाचा अंशही नसलेले, संपूर्णपणे निरामिष असे आमिष मासा गिळतो, हे पाहून माझ्यातला जुना वैयाकरण काही काळ तरी सुखावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोरीतून टकटक अशी अतिशय हलकी, दारावर संकोचाने मारलेल्या थापेसारखी खूण आली आणि मी उत्साहाने काठी हिसकली. मासा अर्थातच गेला. नातवाने मला समजावले की, मासा आधी चाखतो, मग घेतो. तेव्हा ढिली दोरी गुंडाळून घ्यावी, भार जाणवू द्यावा आणि मगच ओढावे. चौथ्या दिवशी मी त्याचे ऐकले, आणि पाण्यावर एक हिरवट सोनेरी देह उसळला, कल्ले फुगवून त्याने मान झटकली, आणि थोड्या वेळाने तो माझ्या हाती आला. त्याचा खालचा जबडा अंगठ्याने धरावयाचा असतो. दात काचकागदासारखे खरखरीत, पण न बोचणारे. जबड्याचे टोक डोळ्याच्याही मागे जाते, आणि अंगावरून एक काळसर पट्टा शेपटीपर्यंत गेलेला असतो. लांबी सतरा इंच भरली. मी मनातल्या मनात आले-लसूण वाटावयास घेतले होते, तेवढ्यात नातवाने हात ओले केले, मासा माझ्याकडून घेतला, गळ काढला आणि त्याला पाण्यात सोडून दिले.

“अरे, सोडलास कशाला?”

“आजोबा, मग काय तुम्ही त्याला मारणार होता?”

“खायचा नव्हता, तर पकडला कशाला?”

या दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर आम्हां दोघांपैकी कोणास देता आले नाही, आणि त्या दिवसापासून माझ्या मनात जो खटला उभा राहिला त्याचे कागद मी येथे मांडीत आहे. त्या मुलाच्या दृष्टीने मारणे हे क्रौर्य आणि सोडणे ही दया. माझ्या कोकणी संस्कारांच्या दृष्टीने भुकेसाठी घेणे हा संसाराचा धर्म, आणि भूक नसता एखाद्या जिवाच्या तोंडात लोखंड रुतवून त्याला दमवावे, न्याहाळावे आणि सोडावे, हा अन्नाशी केलेला पोरखेळ. दोघेही प्रामाणिक, आणि दोघांच्याही मते दुसरा निर्दय.

नातवाची बाजू लंगडी आहे असे कोणी समजू नये. याच अलाबामातील रे स्कॉट नावाच्या विमाविक्रेत्याने १९६७ साली आर्कान्सा राज्यातील बीव्हर सरोवरावर बासच्या शिकारीची मोठी स्पर्धा भरविली आणि पुढच्या वर्षी या छंदाची संघटना उभारली. त्या काळी मेलेल्या माशांच्या माळा मिरविणे हीच शिकाऱ्याची प्रतिष्ठा होती. १९७२ पासून त्याच स्कॉटने धरलेला मासा मारू नका असा प्रचार आरंभिला, आणि एका पिढीच्या आत सोडणे हाच शिष्टाचार झाला. सरोवरे रिती झाली नाहीत याचे श्रेय काही अंशी तरी या रिवाजाला द्यावे लागेल. परंतु लोकोपयोग आणि पुण्य यांचे खाते एकच नव्हे, आणि माझा प्रश्न दुसऱ्या खात्याचा होता.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात हिंसेच्या आरोपींची एक यादी आहे: अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा. आमच्या मालवणच्या स्वयंपाकघरातले एकही माणूस या यादीतून सुटत नाही. पण पकडून सोडणारा? त्याचे नाव तीत नाही. कोणताही वकील येथेच अशिलाला निर्दोष सोडवून आणील. परंतु त्याच अध्यायात थोडे आधी असेही म्हटले आहे की, जो निरुपद्रवी प्राण्यांना केवळ आपल्या सुखाच्या इच्छेने मारतो, त्याला जिवंतपणी आणि मेल्यावरही सुख लाभत नाही. तेथेही क्रिया मारण्याचीच आहे खरी. पण दोषाचे मूळ आत्मसुखाच्या इच्छेत दाखविले आहे, आणि नातवाच्या छंदातून मारणे वजा केले तरी ती इच्छा शिल्लक उरतेच. हेतूवर बोट ठेवण्याची ही रीत केवळ आपलीच नव्हे: स्वित्झर्लंडात सोडून देण्याच्याच हेतूने मासा धरण्यास कायद्याने मनाई आहे. एका देशाचा शिष्टाचार तो दुसऱ्या देशाचा गुन्हा.

याहून विलक्षण साक्ष जपानची. तेथे हा अमेरिकन बास १९२५ साली आशी सरोवरात आणून सोडण्यात आला; पुढे तो देशभर पसरला आणि मूळच्या लहान माशांवर तुटून पडला. बिवा सरोवराच्या शिगा प्रांताने २००३ पासून, धरलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यासच बंदी केली. ज्या देशात बंदिस्त पक्षी आणि मासे मुक्त करण्याचा बौद्ध विधी शतकानुशतके चालत आला, त्याच देशात या एका माशाची मुक्तता हा अपराध ठरला, कारण एकाला दिलेले जीवदान हे शेकडो इतरांचे मरण होते. म्हणजे सोडण्याची क्रिया स्वतः पवित्र नाही. ती कोणाला, कोठे आणि कोणाच्या जिवावर, हे विचारल्यावाचून दयेचा निवाडा लिहिता येत नाही.

माशाला दुःख होते काय, याविषयीही पंडितांत मतभेद आहेत. २००३ साली ब्रिटनमधील संशोधकांनी ट्राउट माशांच्या ओठांत दाहक द्रव्य टोचले, तेव्हा काही मासे ओठ तळच्या खड्यांवर घासू लागले. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, माशाच्या मेंदूची रचना पाहता ही वेदना नसून केवळ प्रतिक्रिया आहे. हा वाद मला फारसा निर्णायक वाटत नाही. ज्याला संशयाचा फायदा द्यावयाचा तो आरोपी असतो. येथे तो फायदा आरोपी स्वतःच घेऊ पाहतो, आणि फिर्यादीला वाचा नाही.

भागवतातील अवधूताच्या चोवीस गुरूंत मासा आहे. जिव्हेच्या लोभाने गळ गिळून तो मरतो आणि रसना जिंकण्याचा धडा देतो. त्याच यादीत बाण घडविणारा कारागीर आहे, ज्याला शेजारून गेलेली राजाची स्वारीही कळली नाही. गळ टाकून बसलेल्या माणसाची एकाग्रता मी आता अनुभवाने जाणतो, आणि आयझॅक वॉल्टनने १६५३ साली आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर या छंदाला चिंतनशील माणसाचा विरंगुळा का म्हटले, तेही मला उमगले. पण आपल्या भाषेने या ध्यानासाठी फार पूर्वीच एक शब्द करून ठेवला आहे: बकध्यान. एकाग्रता हा गुण खरा. ती कोणावर रोखली आहे यावर तिचे पुण्यपाप ठरते.

या सगळ्या कागदांत मला सर्वांत जवळची वाटली ती गजेंद्रमोक्षाची कथा. नक्राने हत्तीचा पाय धरला, हत्तीने धावा केला, नारायणाने त्याला सोडविले. ती कथा मोक्षाची होते, कारण धरणारा एक आणि सोडविणारा दुसरा आहे. आमच्या सरोवरावर मात्र नक्र आणि नारायण ही दोन्ही सोंगे एकच हात घेतो. आधी पाय धरतो, मग सोडतो, आणि सोडताना मन असे भरून येते की जणू आपण वैकुंठाहून धावत आलो. संकट ज्याने निर्माण केले त्यानेच ते मागे घेतले तर त्याला दया म्हणत नाहीत. न्यायालयाच्या भाषेत तो मुद्देमाल परत केल्याचा प्रकार. परत केल्याने शिक्षा कमी होईल. बक्षीस मात्र मागता येत नाही. इतकेच नव्हे, तर मासा पकडून खाणाऱ्याला आपण ऋणी आहोत हे ताट पाहून कळते. सोडणाऱ्याचे ताट रिकामे असते, म्हणून ऋणही नाही असा त्याचा समज होतो.

सहाव्या दिवशी मी हे सारे नातवाला सोप्या शब्दांत सांगितले. त्याने उलट मलाच विचारले, मासा घरट्यावर असतो तेव्हाचे काय? पाणी सोळा-अठरा अंश सेल्सिअसपर्यंत तापले की नर बास उथळ तळावर शेपटीने खळगा साफ करतो, त्यात मादी अंडी घालते, आणि तो एकटा त्या अंड्यांची व पुढे पिल्लांची राखण करतो. गळ समोर आला की तो भुकेने नव्हे, रक्षणासाठी चावतो. आणि त्याला पाच मिनिटे वर काढले तरी तेवढ्यात लहान मासे अंडी फस्त करतात. नातू अशा माशावर गळ टाकीत नाही. मला महाभारतातला किंदम आठवला: हरिणरूपात मैथुनमग्न असताना पंडूचा बाण लागलेला तो ऋषी मरताना म्हणतो, तू मृग मारलास म्हणून मी निंदा करीत नाही, तू वेळ पाहिली नाहीस. आमचे कोळीही पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ देऊन मगच त्या पुन्हा लोटतात. खाणारा आणि सोडणारा यांच्या वादात एवढी एक कलमबंदी तरी दोघांना मान्य होण्याजोगी निघाली, आणि ती मुलाने काढली.

सातव्या दिवशी, परवान्याच्या अखेरच्या सकाळी, दोरीतून टकटक आली. घाईचा दोष टाळण्याच्या नादात मी फार थांबलो. मासा वर आला तो अकरा इंचांचा. गळ त्याने घशाच्या आत गिळला होता आणि कल्ल्यांतून रक्त येत होते. तो जगणार नाही हे मला दिसत होते.

“घरी नेऊ या. निदान खाल्ला तरी जाईल.”

“पंधरा इंच नाही, आजोबा.”

खरे होते. त्या सरोवरावर पंधरा इंचांहून लहान बास ठेवता येत नाही, मग तो मरणारा का असेना. जन्मभर कायद्याचे कागद जुळविणारा मी काय बोलणार? नातवाने दोरी गळाशी कापली, ओल्या हातांनी माशाला पाण्यात सरळ धरले, हलकेच पुढे ढकलले. मासा एकदा चालला, मग कुशीवर झाला, आणि पांढरे पोट वर करून तरंगू लागला. नियम पाळला गेला होता, दया केली गेली होती, आणि मासा मेला होता. काठावरच्या गवतातून इतका वेळ निश्चल असलेला एक मोठा करडा बगळा दोन पावले पुढे आला, त्याने मासा आडवा उचलला, चोचीत फिरवून डोक्याकडून गिळला आणि पुन्हा निश्चल झाला. आम्हां तिघांत हिशेब त्याचा तेवढा सरळ होता.

माझ्या परवान्याचे काही तास शिल्लक होते. मी नव्या किड्यासाठी डबीकडे हात नेला. नातवाने आपली दोरी पूर्ण गुंडाळली, गळ काठीच्या कडीत अडकविला, आणि पाण्याकडे पाहत म्हणाला, “बास.”

तो माशाचे नाव घेत होता की मराठी बोलत होता, हे मी विचारले नाही. मी डबी बंद केली.