दंडावरचा क्रूस



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणाला देतो. दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, मिस्साबलिदानाच्या हेतूंसाठी नावांच्या चिठ्ठ्या येतात. त्या चिठ्ठ्या वाचताना यंदा आम्हाला एका दूरदेशीच्या तरुण डॉक्टरची आठवण होते आहे. त्याचे नाव ब्रायन पॉकली.

1914 साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा न्यू गिनीच्या परिसरातील कित्येक बेटे जर्मनीच्या ताब्यात होती. तेथील बिनतारी संदेशकेंद्रे काबीज करण्यासाठी ऑस्ट्रेलियाने 'बेरिमा' जहाजातून फौज धाडली. पॉकली सैन्याच्या वैद्यकीय दलातला कॅप्टन. पण 11 सप्टेंबरला न्यू ब्रिटन बेटावर तो उतरला नौदलाच्या तुकडीबरोबर. वय 24. वडील सिडनीतले नेत्रतज्ज्ञ, मुलगा नुकताच डॉक्टर झालेला.

बिटा पाकाच्या केंद्राकडे जाणारी वाट दाट रानातून होती. झाडीतून गोळ्या आल्या. विल्यम्स नावाचा नौसैनिक पोटात गोळी लागून पडला. त्याला तातडीने मागे न्यायला हवे होते. हे काम केम्बर नावाच्या सैनिकाकडे आले; तो एरवी जहाजाच्या भट्टीवर काम करणारा. पॉकलीने स्वतःच्या दंडावरची रेडक्रॉसची पट्टी सोडली आणि केम्बरला दिली. थोड्याच वेळात त्यालाही गोळी लागली. विल्यम्स आणि पॉकली, दोघेही त्याच दिवशी वारले.

ती पट्टी म्हणजे डॉक्टरचे संरक्षण. 1864 च्या जिनिव्हा करारापासून ते चिन्ह युद्धभूमीवर मानले जाऊ लागले. कायद्याच्या काटेकोर भाषेत ती अशी कुणालाही देता येते का? सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही यावर तासभर वाद घातला असता. पॉकलीकडे तासभर नव्हता. जखमीला घेऊन चालणाऱ्याला ना लपता येते, ना बंदूक उचलता येते. ज्याला गरज जास्त, त्याला त्याने ती दिली, आणि स्वतः पट्टीशिवाय डॉक्टरच राहिला.

आपणही गळ्यात क्रूस घालतो. ऑपरेशनच्या आदल्या रात्री, मुलाच्या परीक्षेच्या दिवशी तो मुठीत धरतो. तो आपल्याला सांभाळील म्हणून. त्यात गैर काही नाही. पण गोलगोथावरच्या क्रुसाने त्यावर खिळलेल्याला वाचवले नाही, इतरांना वाचवले, हे मूठ आवळताना आपल्या लक्षात असते का?

त्या लढाईत ऑस्ट्रेलियाचे 6 जण मेले. समोरच्या बाजूचा 1 जर्मन आणि सुमारे 30 स्थानिक माणसे, जर्मनांनी पोलीस दलात घेतलेली. पॉकलीची कबर बिटा पाकाच्या युद्ध-दफनभूमीत आहे. त्याचा भाऊ जॉन 1918 साली फ्रान्समध्ये मारला गेला. त्याचेही नाव जपलेले आहे. त्या तीस जणांची नावे मात्र युद्धाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाहीत. ते युद्ध त्यांचे नव्हतेच. त्यांच्याही आया वाट पाहत बसल्या असतील.

या महिन्यात हेतूंची चिठ्ठी लिहाल, तेव्हा आपल्या माणसांच्या नावांखाली एक ओळ कोरी सोडा. ती कोरी ओळही आम्ही वेदीवर ठेवू.