राईचा जीर्णोद्धार

देवळाचे छप्पर गळू लागले की आपण वर्गणी काढतो व त्या कार्यास जीर्णोद्धार म्हणतो. परंतु देवळामागील राई विरळ झाली, अभिषेकास पाणी पुरविणारा झरा चैत्रातच आटू लागला, तर तोही जीर्णोद्धाराचाच विषय होय काय? हा प्रश्न आज आम्ही सभासद-कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

शेजारच्या गोव्यात, सत्तरी तालुक्यातील बांबर येथे, 'निरंकाराची राय' आहे. जायफळाच्या कुळातील रानवृक्ष तेथे पाणथळ भूमीत उभे असून त्यांची मुळे श्वासासाठी गुडघ्यांप्रमाणे चिखलाबाहेर येतात. सह्याद्रीतील अशा कित्येक पाणथळी मोडून भाताची खाचरे व सुपारीच्या बागा झाल्या. ही मात्र टिकली, कारण ती देवाची मानली गेली.

पण भयाने राखलेले रान भय सरल्यावर कोण राखील? लहानपणी राईत कोयता नेण्यास आम्ही भीत असू. पुढे शाळा शिकलो, भय गेले, आणि बागेच्या खतासाठी तेथील हिरवा पाला आम्हीच तोडून आणला. भय गेले खरे, पण त्याच्या जागी कर्तव्यबुद्धी आली नाही. हा दोष आमचाच होय.

कोणी म्हणेल, रान राखावे तर पोट कसे भरावे? हे विचारण्याचा अधिकार जोयड्याच्या माणसास निश्चित आहे. काळी नदीवरील धरण १९८७ साली पुरे झाले व जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. २००७ साली येथील अरण्य व्याघ्रप्रकल्पात आले. येथील लोकांनी त्याग थोडा केलेला नाही. म्हणून नुसत्या मनाईने रान राखणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

यातून वाट आमच्या कुणबी बांधवांच्या परसात दिसते. मुडली, कोनफळ इत्यादी कंदमुळे ते पिढ्यान्‌पिढ्या पिकवीत आले आहेत. त्यांसाठी राईवर कोयता चालवावा लागत नाही, आणि जोयड्यात भरणाऱ्या कंदमुळांच्या मेळाव्यात त्यांना गिऱ्हाईकही मिळते.

राईचा जीर्णोद्धार असाच व्हावा. एकाच जातीचे आकेशिया ओळीने लावले म्हणजे राई होत नाही. राईतल्याच बियांची रोपे करून तेथे लावावी. खतास गळलेला पाला तेवढा न्यावा, तोही थोडा मागे ठेवून. झऱ्याकाठची ओली पट्टी नांगराविना सोडावी. आणि जो शेतकरी ती सोडील, त्याची तूट देवस्थानाच्या निधीतून काही अंशी भरून द्यावी. पाणी सर्वांनी प्यावे व तोटा एकट्याने सोसावा, हा धर्म नव्हे.

यास दान म्हणू नये, हे ऋण आहे. येत्या वर्षाच्या वर्गणीयादीत छपराच्या खर्चाखाली राईच्या नावाची एक ओळ घालावी, इतकीच आमची विनंती आहे.