कुंभकर्णाच्या झोपेचा हिशेब

खादाड, झोपाळू माणसाला आपण सर्रास कुंभकर्ण म्हणतो आणि त्याच्या माथी आळशीपणाचा शिक्का मारून मोकळे होतो. वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात मात्र भूक आधी येते आणि झोप मागून. जन्मताच भुकेने व्याकुळ झालेल्या कुंभकर्णाने हजारो प्राणी फस्त केले. हे असेच चालले तर सृष्टी ओस पडेल, म्हणून ब्रह्मदेवाने त्याला झोपेचा शाप दिला. रावणाने रदबदली केल्यावर सहा महिने झोप आणि एक दिवस जाग असे ठरले. म्हणजे झोप हा भुकेला घातलेला लगाम होता, आणि सजीवसृष्टीत झोपेचे एक मोठे काम नेमके हेच आहे.

अलास्कातल्या काळ्या अस्वलांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. ही अस्वले शीतनिद्रेत वर्षातले पाच ते सात महिने अन्नपाण्याविना, मलमूत्रविसर्जनही न करता गुहेत पडून राहतात. त्या काळात त्यांच्या शरीराचे तापमान ३० अंशांच्या खाली सहसा जात नाही, तरी चयापचय एरवीच्या चौथाईवर येतो. देह अवाढव्य असेल तर हे आणखी सोपे जाते. मॅक्स क्लायबरने १९३२ साली मांडलेल्या सूत्रानुसार वजन १६ पट वाढले तर ऊर्जेची गरज ८ पटच वाढते. चरबी मात्र वजनाच्या प्रमाणात साठली, तर तीच शिदोरी दुप्पट काळ पुरते. सहा महिन्यांच्या झोपेत म्हणूनच अशक्य काही नाही.

यावर कोणी हत्तीचा दाखला देईल. रानातला आफ्रिकन हत्ती दिवसाकाठी जेमतेम दोन तास झोपतो. पण निकस चाऱ्यावर एवढा देह पोसायचा तर त्याला सतत चरावेच लागते. मांसावर जगणारा सिंह दिवसाचा बहुतेक वेळ लोळून काढतो. कुंभकर्णाला जागे करताना त्याच्यासाठी रचलेल्या अन्नाच्या ढिगात हरणे, रेडे आणि रानडुकरे होती, हे इथे महत्त्वाचे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एका दिवसात सहा महिन्यांची बेगमी कशी होणार? अस्वलाला त्यासाठी अनेक आठवडे अखंड खावे लागते. अजगर एका बैठकीत प्रचंड भक्ष्य गिळतो, पण ते पचवायला त्याला कित्येक दिवस लागतात आणि तेवढा काळ त्याचा चयापचय अनेक पटींनी वाढलेला असतो. गाढ शीतनिद्रा आणि जोरकस पचन एकाच वेळी चालत नाहीत. इथे कथा शास्त्राच्या पुढे धावते, हे मान्य करायलाच हवे. पण महाकाव्याला प्राणिशास्त्राचा ग्रंथ ठरवण्याचा हा खटाटोप नाही. प्रचंड भूक असलेला जीव सतत जागा राहिला तर भोवतालचे सारे संपवून टाकेल, हे त्या कथाकाराने ओळखले होते, एवढेच सांगायचे आहे. निसर्गात झोप ही काटकसर आहे. तिला आळस ठरवणारा निकाल आपण माणसांनी दिला, आणि तो चुकीचा आहे.